पूजा हलवायच्या आधी

आमच्या घरात लॅपटॉप हत्यारांत मोडतो. हे मी ठरवलेलं नाही, आईनं ठरवलंय, आणि आईनं एकदा ठरवलं की आप्पासुद्धा मधे पडत नाहीत. आप्पा फौंड्रीत पाळीवर जातात, उरलेल्या वेळात रान बघतात. पण रान खरं आईचंच. आमच्या कंग्राळी गावात बाळाबाईचा, म्हणजे आईचा, कोबी कुठला म्हणून विचारा, कुणीही बांधापर्यंत आणून सोडेल.

खंडेनवमीला आईनं सोप्यात पाट मांडला. विळे, खुरपी, कुऱ्हाड, आप्पांचे पान्हे, दोन्ही बाजूंना ऊस आणि वर झेंडूची माळ. शिलाई मशीन कोपऱ्यात जागेवरच होतं, मोटारसायकल दारात. त्या दिवशी हत्याराला विसावा असतो, कुणी हात लावायचा नाही. म्हणून मशीनचा पट्टा उतरवलेला आणि गाडीची किल्ली देवापुढं ठेवलेली. सगळं मनासारखं झाल्यावर ती माझ्याकडं वळली.

"प्रिया, तुझं बी आण गं."

मला हे येणार हे माहीत होतं, तरी माझं टाळकं सरकलं. त्याला कारण होतं. गेल्या वर्षी पूजा झाल्यावर लॅपटॉपवर कुंकवाचं बोट तसंच राहिलं होतं आणि मी तो तसाच विद्यापीठात नेला होता. शिक्षण संपलं होतं, तरी तेव्हा मी रोज तिथल्या वाचनालयात जायचे. आमच्या वर्गातल्या रचनानं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'देवाचा लॅपटॉप'. सगळे हसले. मीही हसले, म्हणजे हसल्यासारखं केलं. त्यानंतर महिनाभर कुणीतरी येताजाता नमस्कार करायचं माझ्या लॅपटॉपला.

"पाणी लावायचं न्हाय. नारळ जवळ फोडायचा न्हाय," मी बजावलं.

"एवढंसं बोट लावते गं," आई म्हणाली, आणि माझ्या हातातून लॅपटॉप घेऊन पदरानं चारी बाजूंनी पुसायला लागली. पाळण्यातल्या पोराला पुसावं तसं. मी तिथं थांबलेच नाही.

मला त्या लॅपटॉपची घाई होती. सोमवारी दुपारी तीन वाजता माझी मुलाखत होती. बेंगळूरच्या एका संस्थेत जमिनीतल्या पाण्याचा अभ्यास करायचा, दोन वर्षांचं काम, आणि जागा एकच. भूगोलाची एम. एस्सी. होऊन मला दीड वर्ष झालं होतं, आणि या दीड वर्षात नातेवाइकांनी माझ्यासाठी नोकरी सोडून बाकी सगळं शोधलं होतं. मुलाखत ऑनलाइन होती. कंग्राळी आणि आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्याचे मी केलेले नकाशे त्यांना पडद्यावर दाखवायचे होते. आमच्या घरी मोबाईलची रेंज न्हाणीघराच्या भिंतीपाशी उभं राहिलं तरच येते, त्यामुळं मुलाखत विद्यापीठातून द्यायची असं ठरवलं होतं. जुने विद्यार्थी म्हणून आमचं वायफायचं खातं अजून चालू होतं.

दसऱ्याला सकाळी उठले ती सरळ पाटाकडं गेले. नकाशांवर अजून बरंच काम बाकी होतं. लॅपटॉप उचलला तर आई चुलीपुढनं ओरडली, "थांब गं! अजून पूजा हलवली न्हाय. मी सगळं पयल्यासारखं करून देते, मग ने."

"काय करायचंय त्यात पयल्यासारखं? फूल काढून टाकलं की झालं!"

"अगं, ऐक तर..."

मी ऐकलं नाही. खोलीत जाऊन दार लावलं आणि तीन दिवस नकाशेच करत बसले. त्या कामाला इंटरनेट लागत नव्हतं. आई दोनदा दारापर्यंत आली, माझं तोंड बघून चहा ठेवून परत गेली.

सोमवारी सकाळी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पहिलं काम काय केलं, तर रुमाल ओला करून लॅपटॉपवरची हळद-कुंकवाची बोटं पुसली. यंदा फोटोला वाव द्यायचाच नाही असं ठरवलं होतं. पण आईनं बोटं एक-दोन नाही, चांगली पाच लावली होती, आणि ओल्या रुमालानं ती जायच्याऐवजी पसरली. थोडी बटणांच्या फटीत गेली, थोडी खालच्या कडेला जाऊन बसली. विद्यापीठ येईपर्यंत वरून तरी लॅपटॉप स्वच्छ दिसत होता. मला बरं वाटलं.

अकरा वाजता संगणक केंद्रात पोचले तर बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत रांग. सुट्टीत विद्यापीठानं वायफायची सगळी व्यवस्था बदलली होती. आता प्रत्येकाला आपला लॅपटॉप एकदा नव्यानं नोंदवून घ्यावा लागत होता, आणि नोंदवणारा माणूस एकच. सुहास त्याचं नाव. शहापूरचा, तिशीतला, शांत. इतका शांत की त्याच्याकडं बघून आपल्यालाच चिडायला व्हावं. कुणी कितीही आरडाओरडा केला तरी तो "हो की, बघू की" म्हणायचा आणि आपल्या वेगानं बघायचा.

माझा नंबर आला तेव्हा बारा वाजून गेले होते. त्यानं लॅपटॉप उघडला, नोंदणीची यादी काढली, माझा नंबर घातला.

"नाव आहे तुमचं. आता इथं वायफाय शोधा आणि जोडा."

मी शोधलं. यादीच येईना. जिथं दहा-बारा नावं दिसायला हवीत तिथं काहीच नाही, वर एक फुली. त्यानं स्वतः बघितलं. बंद करून चालू केला. काहीतरी काढून परत घातलं. फुली हलली नाही.

"केबलनं जोडू मग," तो म्हणाला.

"त्याचं केबलचं तोंड मोडलंय. मी घेतला तेव्हाच मोडलेलं होतं."

"जुना घेतला?"

"व्हय." मी हे जरा जोरात म्हणाले असणार, कारण मागची दोघं-तिघं बघायला लागली.

त्यानं विचारलं, "सुट्टीत कुणी हात लावलाय का याला? काही केलंय का?"

"कुणी नाही."

"मग हे काय?" त्यानं बटणांच्या फटीत नखानं खरवडलं. नखाला पिवळं लागलं.

रांगेत माझ्या मागं चौथी रचना उभी होती. ती आता तिथंच पीएच. डी. करत होती. तिनं मान वर करून बघितलं. खरं सांगते, मला त्या क्षणी मुलाखत दिसली नाही, नकाशे दिसले नाहीत, मला तो गेल्या वर्षीचा फोटो दिसला.

"भाजी सांडली," मी म्हणाले. "डब्यातली. बसमध्ये."

"अरेरे," सुहास म्हणाला, आणि त्यानं लॅपटॉप लगेच बंद केला. "आधी सांगायचं की. रस आत गेला असणार. वायफायचं कार्ड गेलं असेल. थांबा, उघडून बघतो."

आता मी काय बोलणार? भाजीत रस नव्हता म्हणणार? भाजीच नव्हती! पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. त्यानं मला बाजूला बाकावर बसवलं, रांगेतली माणसं एकेक करून संपवायला लागला, आणि मधून वेळ मिळेल तसा माझ्या लॅपटॉपचे स्क्रू काढायला लागला. एक स्क्रू, दोन विद्यार्थी. परत एक स्क्रू, दोन विद्यार्थी. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून बघून माझी मान दुखायला लागली. रचना आपलं काम करून निघाली आणि जाता जाता माझ्यापाशी थांबली.

"काय झालं गं? मुलाखत आज नव्हं तुझी?"

"काही नाही. होतंय."

"माझा लॅपटॉप देऊ का?"

तिनं मनापासून विचारलं होतं. पण नकाशे ज्या प्रोग्राममध्ये होते तो तिच्याकडं नव्हता, आणि असता तरी मी घेतला असता की नाही, देव जाणे. ती माझ्या शेजारी बसली. मला ती जायला हवी होती.

दोन वाजले. सुहासनं पोट उघडं पडलेला लॅपटॉप दिव्याखाली धरला. दोन्ही बाजूंनी बघितला, वास घेतला.

"आत तर कोरडं आहे," तो म्हणाला. "पण रसानं गेलं तरी कधीकधी दिसत नाही वरून. नवं कार्ड मागवतो. उद्या सकाळी या."

"उद्या?"

"आज मिळणार नाही हो. शहरातनं आणायला पाहिजे."

"माझी तीनला मुलाखत आहे!"

त्यानं घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जरा घाई दिसली. "मग मोबाईलवरनं द्या की."

"नकाशे कसे दाखवू मोबाईलवरनं? आणि इथं रेंज तरी कुठंय?"

तो लॅपटॉपचं झाकण परत बसवायला लागला. मला रडू फुटणार होतं. दीड वर्ष वाट बघितलेली जागा मी न सांडलेल्या भाजीपायी घालवत होते, आणि ते या खोलीत फक्त मला एकटीलाच माहीत होतं.

"भाजी नव्हती," मी म्हणाले.

"काय?"

"भाजी सांडली नाही. हळद-कुंकू आहे ते. आईनं खंडेनवमीला पूजेत ठेवला होता." माझे कान तापले. मी रचनाकडं बघितलंच नाही. "मी बसमध्ये पुसला. पण त्यात पाणी गेलं नाही, शपथ सांगते."

सुहासच्या हातातला स्क्रू हातातच राहिला.

"पूजेत ठेवला होता? मग कुणी हात लावला नाही कसं म्हणता?" तो चिडला नव्हता, त्याला खरंच नवल वाटत होतं. "अहो, आमच्याकडं शहापुरात त्या दिवशी कापडाच्या मागाची कळ उतरवून ठेवतात. दसऱ्याला पूजा हलवली की परत चढवायची. आईला फोन लावा. काय बंद केलं विचारा."

"लॅपटॉपला काय बंद करणार ती? तिला चालू करता येत नाही."

"लावा तर."

फोन लावायला मला व्हरांड्याच्या टोकाला जावं लागलं. सुहास लॅपटॉप घेऊन मागं आला, त्याच्या मागं रचना, आणि रांगेतली उरलेली चार-पाच माणसंही आली, कारण काहीतरी चाललंय म्हटल्यावर आपल्याकडं कुणी जागेवर थांबत नाही. आईनं चौथ्या रिंगला उचलला. ती रानात होती, वारा ऐकू येत होता.

"आई, पूजेला लॅपटॉप ठेवलास तवा काय केलतंस त्याला?"

"बोट लावलं की. का गं?"

"बोट सोडून! काय बंद केलतंस का?"

"व्हय," आई म्हणाली. मी नाव विचारल्यासारखं तिनं सहज सांगितलं. "बंद केल्याबिगर विसावा कसा मिळंल त्याला? मशीनचा पट्टा काढला, विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज काढला. तुझ्या त्या मशीनला पुसताना खाली पोटाकडं एक बारकं बटण लागलं हाताला. तेवढंच हलत हुतं. म्हटलं हेच असंल. वढलं हिकडं. दसऱ्याला परत करून देणार हुते तर तू थांबली न्हाईस."

सुहासनं लॅपटॉप उलटा केला. पुढच्या कडेला, अगदी खालच्या बाजूला, नखाएवढं एक काळं सरकतं बटण होतं. मी तो लॅपटॉप दोन वर्षं वापरत होते आणि मला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या खाचेत कुंकवाचा गाळ वाळून बसला होता, बटण आणि कड एकच दिसत होती.

"जुन्या मशीनना असतं हे," तो म्हणाला. "वायफायचंच आहे. मीच बघायला पाहिजे होतं. भाजी म्हणालात म्हणून मी आतच शोधत बसलो."

"प्रिया," फोनमध्ये आई म्हणत होती, "तुझं काम अडलंय व्हय गं? माझ्यामुळं अडलं?"

"ठेव आता, आई, वेळ न्हाय," मी म्हणाले आणि फोन बंद केला.

बटण हलेना. सुहासनं नखानं ढकललं, पेनानं ढकललं. रचनानं आपल्या ओढणीची पिन काढून त्याच्या हातात दिली. त्यानं पिनेनं खाच कोरली, लाल-पिवळा चुरा त्याच्या पॅंटवर पडला, आणि बटण टक्कन सरकलं. कडेला एक निळा दिवा लागला. वरची फुली गेली आणि नावांची यादी भराभरा खाली उतरली. अडीच वाजून गेले होते. दहा मिनिटांत स्क्रू लागले, नंबर घातला, पासवर्ड घातला, जोडलं गेलं.

सुहासनं आपली आतली खोली मला दिली. टेबलावरच्या फायली उचलल्या, पंखा बंद केला, कारण तो किरकिरतो. बाहेर जाताना रांगेतल्या लोकांना म्हणाला, "हळू बोला रं जरा, आत मुलाखत हाय." चार तासांत पहिल्यांदाच तो गावाकडचं बोलला.

ती जागा मला मिळाली, हे इथंच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्यातच अडकून बसाल. पंधरा दिवसांनी पत्र आलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नकाशातल्या एका विहिरीवर बोट ठेवून विचारलं होतं, ही बाकीच्यांच्या आधी का आटते, आणि मी सलग दहा मिनिटं बोलले. ती विहीर आमचीच होती. तिच्यातलं पाणी कुठल्या महिन्यात कुठल्या पायरीवर असतं हे मला आईनं शिकवलं होतं, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. 'स्थानिक निरीक्षण' म्हणाले.

मुलाखत संपली तेव्हा पावणेचार झाले होते. मी इतकी खूश होते की रचनाबरोबर कॅंटीनला गेले. दोन वेळा चहा झाला. तिनं गेल्या वर्षीच्या फोटोचा विषय काढला, म्हणाली, "तुला वाईट वाटलं असंल तर सॉरी गं. आमच्या घरी मिक्सरला पण लावतात." मी म्हणाले, वाईट बिईट काही नाही. मग खूप हसलो. साडेपाचच्या बसनं निघाले आणि खिडकीतून बाहेर बघत, मुलाखतीतलं एकेक उत्तर परत मनात घोळवत घरी आले.

दाराला कडी होती. आई सहसा या वेळेला धार काढून चुलीपाशी असते. शेजारच्या जयाबाई अंगणात होत्या. त्या म्हणाल्या, "रानातच हाय अजून. मी दोनदा हाक मारली, उठंनाच झालीय बाई."

पाठीवर लॅपटॉपची पिशवी तशीच, मी बांधाबांधानं पळत गेले.

आई कोबीच्या वाफ्याच्या तोंडाला बसली होती. फोन मांडीवर, खुरपं बाजूला जमिनीवर आडवं ठेवलेलं. अर्धा वाफा भांगलून स्वच्छ होता आणि जिथं माझा फोन आला तिथून पुढं तण तसंच उभं होतं. म्हणजे सव्वादोनपासून ती तशीच बसली होती. मला बघितल्यावरही ती उठली नाही, फक्त माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"आई, काय झालं? बरं न्हाय का?"

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "तुझं मशीन चालू झालं का न्हाय, ते सांग आधी."

"झालं की. तवाच झालं."

"मग कळवायचं न्हाईस व्हय?" ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं झालं असतं. "पूजा हलवायच्या आधी तुझं हत्यार भाईर गेलं. ते बंद आणि मी हितं खुरपं चालवायचं, हे कसं व्हणार? म्हटलं तुझं चालू हुईपातूर आपुन बी थांबावं. फोन लावणार हुते, पण तूच म्हणालीस वेळ न्हाय."

मला दोन चहा आठवले. पावणेचार ते साडेपाच, त्यातलं एक मिनिट मला तिच्यासाठी निघालं नव्हतं. मी तिथंच वाफ्यात खाली बसले आणि मला रडू आलं, मुलाखतीच्या आधीचं आणि नंतरचं, सगळं एकदम. आई घाबरली. "न्हाय झालं व्हय काम?" म्हणून विचारायला लागली. मी मान हलवत राहिले, झालं, झालं, चांगलं झालं.

मग डोळे पुसले. पिशवीतून लॅपटॉप काढून तिच्या मांडीवर ठेवला, चालू केला आणि कडेचा निळा दिवा दाखवला. तिनं वाकून बघितला, बोट पदराला पुसून बटणावर अलगद ठेवलं, हलवलं नाही. मी जमिनीवरचं खुरपं उचललं, माती झटकली आणि तिच्या हातात दिलं.

"घे," मी म्हणाले. "हलवली पूजा."

उजेड जेमतेम अर्धा तास होता. तेवढ्यात वाफा संपला नाही, पण दुसरं खुरपं घेऊन मीही बसले.